खिडकीचा जीर्णोद्धार

मनुष्याच्या विवेकबुद्धीची कसोटी कोठे लागते, असे कोणी विचारले तर आपल्या डोळ्यांपुढे बहुधा मोठे प्रसंगच उभे राहतात. पित्याच्या वचनासाठी राज्य सोडणारा राम, दिलेल्या शब्दासाठी डोंबाघरी राबणारा हरिश्चंद्र, ही उदाहरणे लहानपणापासून आपल्या कानांवर पडलेली असतात. आणि त्यांचा एक अनिष्ट परिणाम असा होतो की, राज्य सोडण्याची वेळ जोपर्यंत आपल्यावर आलेली नाही तोपर्यंत आपली नीतिमत्ता शाबूत आहे, असे सामान्य गृहस्थास वाटू लागते. वस्तुतः त्याची परीक्षा रोजच चाललेली असते. ती गळणाऱ्या नळापाशी, डुगडुगणाऱ्या खुर्चीपाशी आणि नीट न लागणाऱ्या खिडकीपाशी होत असते. तेथे तो वर्षानुवर्षे नापास होत राहतो आणि निकाल कोठेच लागत नसल्यामुळे त्याला त्याचा पत्ताही नसतो. माझा निकाल मात्र एका वादळी रात्री लागला. त्या निमित्ताने जो विचार करावा लागला तो वाचकांपुढे मांडावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

विचाराचा विषय अगदी घरगुती आहे. घरातील एखादी वस्तू झिजली म्हणजे ती दुरुस्त करावी, की काढून टाकून नवी आणावी? खर्चाच्या दृष्टीने पाहिले तर हा हिशेबाचा प्रश्न आहे, आणि तो हिशेब गृहिणी तत्त्वज्ञान्यापेक्षा चांगला करतात. परंतु ह्या प्रश्नाला एक नैतिक बाजूही आहे. जी वस्तू दोन पिढ्यांच्या उपयोगी पडली तिचे आपण काही देणे लागतो काय? आणि लागत असलो, तर ते देणे नेमके कोणाचे?

रत्नागिरीतील आमचे घर आजोबांनी बांधलेले आहे. भिंती जांभ्या दगडाच्या, वर मंगळुरी कौले, आणि खिडक्या सागवानी, दुझडपी. प्रत्येक झडपेला तीन पितळी बिजागऱ्या, वरच्या अंगाला चौकटीत सरकणारा एक बोल्ट, आणि उघडी झडप वाऱ्याने आपटू नये म्हणून खाली एक आकडा, असा सगळा सरंजाम. ह्या सरंजामातील पितळ हाताळून हाताळून असे गुळगुळीत झाले होते की, त्यावरची मूळची नक्षी आता बोटांना जाणवण्यापुरतीच उरली होती. घरी कोणी नवा पाहुणा आला की, मी त्यास माजघरातील खिडकीपाशी नेई आणि आकड्यावर बोट ठेवून सांगे, “हा आजोबांच्या वेळचा. तीन पिढ्यांचे हात लागले आहेत ह्याला.” पाहुणा मान डोलावी. त्या आकड्याला खालच्या बाजूने एक सुतळी बांधलेली असे, तिच्याकडे मात्र पाहुण्याचे लक्ष जाऊ नये अशी माझी इच्छा असे. आकडा चौकटीत सैल झाला होता, आणि गेली चार वर्षे दर पावसाळ्याच्या तोंडाला माझी पत्नी तो सुतळीने जखडून टाकीत असे. “अहो, सुताराला एकदा बोलवा,” असे ती पहिल्या वर्षी म्हणाली. दुसऱ्या वर्षीही म्हणाली. तिसऱ्या वर्षीपासून ती बोलेनाशी झाली आणि सुतळीच आणू लागली. गृहस्थाश्रमात मौनाचा अर्थ संमती असा आपण सोयीस्करपणे लावतो. मीही तो तसाच लावला.

१६ मे २०२१ हा रविवार. तौक्ते नावाचे चक्रीवादळ कोकणच्या किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे सरकत होते. संध्याकाळपासून वारा वाढत गेला, माडांचे शेंडे जमिनीकडे वाकू लागले आणि अंधार पडल्यावर वीजही गेली. माजघरातील खिडकी आपटू लागली तेव्हा मी कंदील शोधीत होतो. माझ्या आईचे वय त्या वेळी एकोणऐंशी. तिने पाय टेकायला पाट ओढला, वरचा बोल्ट सरकवण्यासाठी एक हात उंच केला आणि आधारासाठी दुसरा हात आकड्यावर ठेवला. तेवढ्यात एक झोत आला. आकडा स्क्रूंसकट चौकटीतून निघून आला, झडप उलटी फिरली आणि तिच्या डाव्या हाताची दोन बोटे चौकटीत सापडून मोडली. साथीचे दिवस, वादळाची रात्र, रस्त्यावर पडलेली झाडे! बोटांवर इलाज व्हायला दुसऱ्या दिवसाची दुपार उजाडली. रात्रभर आई कण्हली नाही. एकदाच म्हणाली, “अरे, तो आकडा पडलाय कुठंतरी खाली, शोधून ठेव. पितळेचा आहे.”

वादळ ओसरल्यावर मी आमच्या आळीतील वृद्ध सुताराला बोलावून आणले. त्याने प्रथम खिडकीला हात लावला नाही. खाली पडलेले स्क्रू त्याने तळहातावर घेतले आणि उजेडात धरले. ते मध्यभागी सुईसारखे बारीक झाले होते आणि त्यांच्याभोवती तांबूस भुगा होता. “सर, आकडा जशाचा तसा आहे,” तो म्हणाला, “चौकटीनं हात सोडलान. पितळेला लोखंडी स्क्रू कोणी मारलान?”

ह्या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक होते. आठ वर्षांपूर्वी जुना पितळी स्क्रू गहाळ झाला तेव्हा बाजारातून लोखंडी स्क्रू आणून मीच ते पिळले होते. पितळी स्क्रूंच्या आणि त्यांच्या किमतीत जे अंतर होते ते आज सांगायचीही लाज वाटते.

येथे थोडे शास्त्र सांगणे अवश्य आहे, कारण नीतीचा प्रश्न पुष्कळदा अज्ञानाच्या आडून सुटून जातो. दोन भिन्न धातू एकमेकांना भिडले आणि त्यांच्यामध्ये खारट ओलावा आला म्हणजे तेथे एक चिमुकली विद्युत्घटी तयार होते. इटालियन शास्त्रज्ञ व्होल्टा याने १८०० साली जस्त आणि तांबे यांच्या चकत्यांची उतरंड रचून, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठे घालून वीज उत्पन्न केली, ती ह्याच तत्त्वावर. ह्या व्यवहारात एक धातू झिजतो आणि दुसरा बचावतो. पितळ आणि लोखंड यांच्या जोडीत झिजण्याची पाळी लोखंडाची असते. आणि पितळेचा तुकडा मोठा व लोखंडाचा लहान असला तर ती झीज अधिकच वेगाने होते. आमचा आकडा वीतभर आणि स्क्रू बोटाच्या पेरापेक्षा लहान. त्यात रत्नागिरीची हवा! वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस, आणि उरलेले आठ महिने समुद्रावरून येणारा खारा वारा. शिवाय लोखंड गंजले म्हणजे तो गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. त्यामुळे स्क्रूभोवतीचे लाकूड आतून चिरत जाते. सारांश, बाहेरून जो आकडा तीन पिढ्यांच्या दृढतेचे प्रतीक म्हणून मी पाहुण्यांना दाखवीत होतो, तो आठ वर्षे माझ्याच काटकसरीने आतून पोखरला जात होता.

सुतार तोंड पाहून बोलणारा नव्हता. त्याने सांगितले, “सगळी खिडकी काढून टाकलीत तरी चालेल, ठेवलीत तरी चालेल. काय ते ठरवा नि मला सांगा.” तो गेल्यावर आम्ही ठरवू लागलो, आणि नेहमीप्रमाणे माझे मन खिडकी सोडून ग्रंथांकडे धावले.

वस्तूचे भाग बदलले म्हणजे ती तीच राहते काय, हा वाद फार जुना आहे. प्लुटार्काने थीसियसच्या चरित्रात एका नौकेची हकीकत दिली आहे. त्या वीराची तीस वल्ह्यांची नौका अथेन्सच्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या जतन केली. जी फळी कुजे ती काढून तेथे नवी बसवीत. अखेर तत्त्वज्ञांमध्ये वाद लागला. कोणी म्हणे नौका तीच, कोणी म्हणे निराळी. पुढे १६५५ साली इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्ज याने ह्या कोड्याला आणखी एक पीळ दिला. काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवल्या आणि त्यांची पुन्हा तशीच नौका जुळवली, तर खरी नौका कोणती? आमच्या घरी हॉब्जची ही दुसरी नौका एका बिस्किटांच्या डब्यात आहे. जुनी बिजागरी, एक कान तुटलेली कडी, किल्ली हरवलेले कुलूप, कुलूप हरवलेल्या किल्ल्या, असा तिचा माल आहे. आणि महाराष्ट्रातील बहुतेक जुन्या घरांत अशी एखादी नौका माळ्यावर नांगरून पडलेली असते.

आपल्याकडे हाच विचार ‘मिलिंदपञ्ह’ ह्या पाली ग्रंथात आला आहे. रत्नागिरीकरांस ह्या ग्रंथाविषयी एका कारणाने आपुलकी वाटावी. ब्रह्मदेशातील बौद्ध परंपरा तो त्रिपिटकातच समाविष्ट करते. आणि त्या देशाचा शेवटचा राजा थिबा, जो तरुणपणी विहारात राहून पाली शिकला होता, तो १८८५ साली पदच्युत झाल्यावर पुढील वर्षी ह्या गावी बंदी म्हणून आणला गेला, आणि १९१६ साली येथेच वारला. १९१० साली त्याच्यासाठी बांधून झालेला राजवाडा आजही टेकडीवर उभा आहे. त्याच्या कमानदार लाकडी खिडक्यांवरून त्याच खाऱ्या वाऱ्याचा हात फिरत असतो. असो. त्या ग्रंथात भिक्षू नागसेन मिलिंद राजास विचारतो की, महाराज, आपण रथातून आलात. तर रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? जू म्हणजे रथ काय? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो, आणि शेवटी कबूल करतो की, ह्या सर्वांच्या आधाराने ‘रथ’ हे नाव व्यवहारात चालते, एवढेच.

हा संवाद मी वर्गात पुष्कळ वेळा शिकवला आहे. परंतु त्या आठवड्यात तो पुन्हा वाचताना एका गोष्टीकडे माझे लक्ष प्रथमच गेले. नागसेनाचा प्रश्न चाकांपासून सुरू होत नाही. आधी तो म्हणतो की, महाराज, आपण सुकुमार आहात; भर दुपारी ह्या तापलेल्या वाळूवरून चालत आला असता तर आपले पाय दुखले असते; तेव्हा आपण पायी आलात की वाहनातून? म्हणजे रथाची ती सगळी चिकित्सा सुरू होते ती राजाच्या पायांपासून. आम्ही शिकणारे आणि शिकवणारे आस, चाके आणि जू तेवढी लक्षात ठेवतो, पाय विसरतो. थीसियसच्या नौकेविषयी इतके लिहिले गेले, पण ती कोणास कोठे नेण्याच्या उपयोगाची होती काय, ही गोष्ट त्या वादात गौणच राहिली. ती पूजेसाठी ठेवलेली नौका होती, म्हणून ते क्षम्य आहे. माझी खिडकी पूजेसाठी नव्हती. तिच्याखाली माझी आई निजत असे.

आता धर्मशास्त्राकडे वळू. जीर्णोद्धार हा शब्द आपण मंदिरांविषयी वापरतो, आणि तो पुण्यकृत्यांत मोडतो. अग्निपुराणात जीर्णोद्धाराच्या विधीचा स्वतंत्र अध्याय आहे. भग्न वा जीर्ण झालेली मूर्ती कशी विसर्जित करावी, लाकडाची असेल तर अग्नीत, दगडाची असेल तर पाण्यात, असे तेथे सांगून पुढे म्हटले आहे की, नवी मूर्ती पहिलीच्याच मापाची आणि पहिलीच्याच द्रव्याची असावी. ह्यातील द्रव्याचा नियम आमच्या सुताराने अग्निपुराण न वाचताच मला सांगितला होता: पितळेला पितळ, लोखंडाला लोखंड. दुसरीकडे भगवद्गीतेत जीर्ण वस्त्रे टाकून नवी घेण्याचा सुप्रसिद्ध दृष्टान्त आहे. ज्यांना सर्व जुने टाकावेसे वाटते ते ह्या दृष्टान्ताचा आधार घेऊ शकतील. परंतु तो देह आणि आत्मा यांच्याविषयी आहे, आणि वस्त्र हे असे आहे की, ते विरले म्हणजे सगळीकडून विरते. खिडकीचे तसे नाही. तिचा आकडा निखळला तेव्हा तिचे सागवान खणखणीत होते. एका पेराएवढ्या स्क्रूच्या अपराधासाठी शंभर वर्षांचे लाकूड घराबाहेर काढणे हा न्याय नव्हे.

माझ्या मुलाचे मत मात्र उलट होते, आणि ते ऐकून घेण्यासारखे होते. तो म्हणाला, “बाबा, ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवू. त्या वाऱ्याने आपटणार नाहीत, गंजणार नाहीत, आजीला पाटावर चढावे लागणार नाही. तुम्ही खिडकीचा विचार करता आहात, मी आजीचा करतो आहे.” ह्या शेवटच्या वाक्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. ॲल्युमिनियम हा काही हलका शब्द नव्हे. अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू ह्या दोघा तरुणांनी, एकमेकांस न ओळखता, तो धातू विजेच्या साहाय्याने स्वस्तात काढण्याची रीत शोधली ती १८८६ सालची, म्हणजे थिबा रत्नागिरीस आला त्याच वर्षीची. आणि त्या शोधाने जगातील किती घरांत उजेड आणि वारा स्वस्त झाला, याची मोजदाद नाही. जुन्याचा अभिमान म्हणून अशा वस्तूला नाक मुरडणे हे मी अशिष्टपणाचे समजतो. स्वयंपाकघरातील खिडकीची चौकटच वाळवीने खाल्ली होती. तेथे आम्ही मुलाचा सल्ला मानला, आणि तेथे तो योग्यच होता.

परंतु माजघरातील खिडकीविषयी मला एक शंका होती आणि ती मी त्याच्यापुढे मांडली. सरकती खिडकी ज्या चाकांवर सरकते ती चाके झिजतात, तिचा खटका मोडतो. त्या वेळी त्याच घडणीचे चाक, त्याच मापाचा खटका मिळेल काय? कारखान्याने तो नमुना बंद केला असेल, तर दहा रुपयांच्या तुकड्यावाचून सगळी खिडकी बदलावी लागेल. उलट जुन्या बिजागरीचा स्क्रू कोठेही मिळतो. ह्याचे श्रेय एका फारशा न आठवल्या जाणाऱ्या कल्पनेला आहे. १८४१ साली व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज यंत्रज्ञाने अशी सूचना केली की, प्रत्येक कारखान्याने आपापल्या मनाप्रमाणे बोल्टांचे आटे पाडू नयेत. सर्वांनी एकाच कोनाचे आणि ठरावीक अंतराचे पाडावेत. तेव्हापासून मापांच्या ज्या अनेक पद्धती रूढ झाल्या, त्यांमुळे अलीगढच्या कोणा अनोळखी कारागिराने घडवलेली वस्तू रत्नागिरीच्या खिडकीस बसते. हे एक प्रकारचे वचनच आहे, एकमेकांस कधीही न भेटलेल्या माणसांनी एकमेकांस दिलेले. जो कारखानदार मुद्दाम निराळे, न उघडणारे, न मिळणारे भाग घालतो तो हे वचन मोडतो. म्हणूनच दुरुस्तीचा हक्क अशी एक नवी मागणी अलीकडे जगभर उठली आहे. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ह्या विषयावर समिती नेमली. तिने शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने यांचा विचार हाती घेतला. खिडक्यांचे नाव त्यात नाही, पण तत्त्व तेच आहे.

मुलाने हे ऐकून घेतले आणि म्हणाला, “ठीक आहे. पण मग ह्या वेळी खरोखर दुरुस्त करा.” ‘खरोखर’ ह्या शब्दावर त्याने जो जोर दिला तो मला पुरेसा होता.

दुरुस्ती ऑक्टोबरात झाली. मध्यंतरीचे चार महिने खिडकीला एक आडवी फळी ठोकून ठेवावी लागली, कारण सुताराने पावसाळ्यात रंधा हातात घेण्याचे साफ नाकारले. लाकूड आषाढात फुगलेले असते. तेव्हा घासणारी झडप रंधून काढली तर ती वैशाखात आकसल्यावर बोटभर फट राहते. जे अडते आहे ते सगळेच तासायचे नसते, काही वाळण्याची वाट पाहायची असते, हा बोध घरातील इतर भांडणांनाही लागू पडतो. पण तो विषय निराळा. ऑक्टोबरात त्याने झडपा उतरवल्या. प्रथम बिजागऱ्या तपासल्या. झडप घासते तेव्हा दोष पुष्कळदा कडेचा नसून वरच्या बिजागरीच्या सैल स्क्रूचा असतो. चिरलेली भोके त्याने गिरमिटाने साफ केली, त्यांत सरस लावून सागवानाच्या खुंट्या ठोकल्या, त्या वाळू दिल्या, मग त्यांत स्क्रूपेक्षा बारीक भोक पाडून, आट्यांना मेण चोळून पितळी स्क्रू हलक्या हाताने पिळले. ज्या तीन बिजागऱ्यांच्या खिळी झिजल्या होत्या त्या बदलल्या; उरलेल्या तेल घालून तशाच ठेवल्या. शेवटी लाकडाला बेलतेल दिले.

आकडा बसवण्याची वेळ आली तेव्हा मी तो डब्यातून काढून, घासून लख्ख करून त्याच्या हाती दिला. त्याने तो घेतला आणि चौकटीवर पूर्वीच्या जागी धरला. मग थांबून आईला हाक मारली. “आजी, जरा इकडे या. हात लावून बघा.” आईने हात उचलला. मोडलेली बोटे बरी झाली होती, पण ती पुरती मिटत नव्हती. तो बारीक, गुळगुळीत, नक्षीदार आकडा तिच्या चिमटीतून दोनदा निसटला. वरच्या बोल्टापर्यंत तर तिचा हात पोचतच नव्हता. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आले की तो कधीच पोचत नव्हता. सासरी आल्यापासून ती पाटावर चढूनच ती खिडकी लावीत आली होती. आजोबा उंच होते. खिडकी त्यांच्या हाताच्या मापाने बसवलेली होती, आणि घरातील बायकांनी दोन पिढ्या पाट वापरला होता.

अग्निपुराणाचा नियम मला तेथे सोडावा लागला. देवाच्या मूर्तीचे माप बदलत नाही, म्हणून तिचा उद्धार त्याच मापाने करावा, हे योग्यच आहे. माणसाच्या हाताचे माप बदलते. खिडकी पूर्वी होती तशीच करून ठेवणे ही दुरुस्ती झाली असती, पण ती खिडकीची. आईची गैरसोय तिने आणखी पन्नास वर्षांसाठी पक्की केली असती. सुताराने वरचा बोल्ट काढला, त्याच्या जागी लांब दांडीचा बोल्ट बसवून त्याची मूठ कमरेच्या उंचीवर आणली, आणि आकड्याऐवजी मुठीत मावेल असा जाड पितळी अडणा घातला. आजोबांचा आकडा परत डब्यात गेला. मला थोडे वाईट वाटले, हे कबूल केले पाहिजे. आई म्हणाली, “ठेव की डब्यात. आठवण डब्यात राहते. खिडकीला कशाला लावायची?”

मराठीत चंदनासारखे झिजणे ही फार मोठी स्तुती समजली जाते. ती स्तुती आपण कोणाची करतो ते पाहण्यासारखे आहे. आईची करतो, पत्नीची करतो, जुन्या शिक्षकाची करतो, आणि केली म्हणजे आपले कर्तव्य झाले असे मानतो. झीज ही काही दोषाची खूण नव्हे, हे खरे आहे. जी वस्तू कामी पडते तीच झिजते. ती मुळीच झिजू न देण्याचा हट्टही फसतो, याचे इतिहासात एक मासलेवाईक उदाहरण आहे. समुद्राच्या पाण्याने इंग्रजी आरमाराच्या गलबतांच्या बुडाखालील तांब्याचे पत्रे झिजत. १८२४ साली हम्फ्री डेव्ही ह्या रसायनशास्त्रज्ञाने त्यांना जस्ताचे वा लोखंडाचे लहान तुकडे जोडून ती झीज थांबवली. प्रयोग शास्त्रदृष्ट्या पूर्ण यशस्वी झाला. पण झिजणाऱ्या तांब्यामुळेच आजवर शिंपले आणि शेवाळ दूर राहत होते, ते आता गलबतांना चिकटू लागले आणि गलबते मंदावली. झिजणे हेच त्या तांब्याचे काम होते. तेव्हा झीज टाळता येत नाही. तिची योग्य वेळी भरपाई मात्र करता येते. जो ती भरपाई करीत नाही आणि झिजलेल्या वस्तूची पाहुण्यांपुढे तारीफ करतो, तो तिच्यावर प्रेम करतो असे म्हणवत नाही. मी चार वर्षे आकड्याची तारीफ केली आणि पत्नीने चार वर्षे सुतळी बांधली. ह्या दोहोंपैकी खिडकीची सेवा कोणाकडून घडली, हे सांगण्यास तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाची गरज नाही.

तात्पर्य, जीर्ण वस्तूचे आपण देणे लागतो काय, ह्या आरंभीच्या प्रश्नास माझे उत्तर असे आहे. लागतो, परंतु वस्तूचे नव्हे. पितळेस आपल्या कृतज्ञतेची अपेक्षा नाही आणि सागवानास आपल्या उपेक्षेचे दुःख नाही. देणे असते ते त्या वस्तूला रोज हात लावणाऱ्या माणसाचे. ठेवायचे काय आणि बदलायचे काय, याचा निर्णय त्या हाताला विचारून करावा. कधी तो जुने ठेवा म्हणून सांगेल, कधी नवे आणा म्हणून सांगेल. कधी सागवान ठेवायला सांगेल आणि आकडा डब्यात टाकायला. ह्या विचारण्याला उशीर करू नये, एवढीच एक सूचना मी अनुभवाने करू शकतो. कारण विचारायला ज्याला उशीर झाला त्याला उत्तर पुष्कळदा मोडलेल्या बोटांकडून मिळते.

त्या वर्षी दिवाळीनंतर थंडीचा पहिला वारा सुटला. मी ओटीवर वाचीत बसलो होतो. आतून खिडकी लावल्याचा आवाज आला, एकच, हलका आणि नेमका. पाट ओढल्याचा आवाज त्याआधी आला नव्हता. तो आवाज इतकी वर्षे मी रोज ऐकला होता आणि कधी ऐकला नव्हता, हे तो बंद पडल्यावर मला कळले.